बीडीएस तर झालं, पण हात कुठे बसवायचा?

दातांच्या डॉक्टरांच्या आणि डेंटल कॉलेजच्या मुलांच्या ग्रुपवर गेली काही वर्षं एक शब्द सारखा फिरतोय: नेक्स्ट. २०२३ साली संसदेनं राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा मंजूर केला. १९४८ चा डेंटिस्ट्स ॲक्ट आणि त्याखालची डेंटल कौन्सिल ऑफ इंडिया यांची जागा घेण्यासाठी हा कायदा आणला गेला. त्यात अशी तरतूद आहे की बीडीएसच्या, म्हणजे दातांच्या डॉक्टरकीच्या पदवीच्या, शेवटच्या वर्षाला देशभर एकच परीक्षा घ्यायची, ती नॅशनल एक्झिट टेस्ट, म्हणजे नेक्स्ट. ती पास झाल्यावरच प्रॅक्टिसचा परवाना मिळणार आणि एमडीएसचा, म्हणजे पुढच्या पदव्युत्तर पदवीचा, प्रवेशही तिच्याच गुणांवर होणार. कायदा अमलात आल्यापासून तीन वर्षांच्या आत ती सुरू व्हावी, असं कायदाच म्हणतो.

पालक वैतागतात ते समजण्यासारखं आहे. वर्षाला काही लाख फी भरून पोरीला डॉक्टर केलं, विद्यापीठानं पदवी दिली, आणि आता परत परीक्षा? पण या वैतागात मूळ प्रश्न बाजूला पडतो. पदवी हातात आलेली मुलगी सोमवारी सकाळी एकटी दवाखाना उघडून बसली, तर समोर येणाऱ्या पेशंटला ती सांभाळू शकेल का? आणि नसेल, तर तिनं पुढची एक-दोन वर्षं कुठे आणि कशी घालवावीत? या लेखात तेवढंच सोपं करून सांगायचा प्रयत्न आहे.

पाच वर्षांत शिकवतात तरी काय?

बीडीएस म्हणजे चार वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप. पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन हे विषय असतात, आणि जोडीला मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरायचे असतात. घरच्यांना ती हस्तकला वाटते. पण दाढेचा एकेक उंचवटा बोटांना पाठ व्हावा म्हणून ते असतं. दुसऱ्या वर्षी ‘फँटम हेड’ येतं: बाकाला जोडलेलं खोटं डोकं, त्यात खोटे दात, त्यावर ड्रिल चालवायचा सराव. तिसऱ्या वर्षापासून खरे पेशंट. प्रत्येक विभागाचा ‘कोटा’ ठरलेला असतो, म्हणजे इतके दात काढले पाहिजेत, इतकी फिलिंग, इतक्या कवळ्या. कोटा पुरा नाही तर सही नाही, आणि सहीशिवाय परीक्षेला बसायची पंचाईत. मग वर्ष संपत आलं की मुलं पेशंट शोधत हिंडतात. गावाकडची आजी, मेसचे काका, वॉचमन, जो सापडेल त्याला खुर्चीत बसवतात. आमच्या पेशात पुष्कळांच्या पहिल्या कवळीचा मालक नात्यातलाच कुणीतरी निघतो.

त्यानंतरची इंटर्नशिप म्हणजे विभागाविभागांतून फिरत केलेली वर्षभराची सक्तीची उमेदवारी. तिची वाटणी नियमांत दिलेली आहे. तोंडाची शस्त्रक्रिया आणि कृत्रिम दात यांना दीड-दीड महिना. तपासणी व एक्स-रे, हिरड्या, फिलिंग-रूट कॅनॉल, लहान मुलांचे दात आणि वाकडे दात यांना एकेक महिना. पॅथॉलॉजीला पंधरा दिवस. सामुदायिक दंतआरोग्य आणि ग्रामीण सेवेला तीन महिने. उरलेले पंधरा दिवस आवडीच्या विभागात.

आता यातला रूट कॅनॉलचा महिना बघा. त्यातून रविवार, सणाच्या सुट्ट्या आणि फक्त फिलिंगसाठी आलेले पेशंट वजा करा. दवाखान्यात रोज जे काम सगळ्यात जास्त लागणार, त्याला उरतात किती दिवस?

मग पाय लटपटतात कुठे?

खालची दाढ बधिर करण्याचं इंजेक्शन घ्या. वरच्या दाताला ते सोपं असतं, मुळाच्या टोकापाशी औषध सोडलं की पातळ हाडातून झिरपतं. खालच्या जबड्याचं हाड मागच्या बाजूला जाड आणि घट्ट, त्यामुळे नस जबड्यात शिरते तिथपर्यंत सुई न्यावी लागते. ती जागा डोळ्यांना दिसत नाही. खुणा चाचपून अंदाजानं गाठायची. जुन्या जाणत्यांचंही ते अधूनमधून चुकतं. कॉलेजात चुकलं तर मागे सर उभे असतात. ते दोन वाक्यांत दुरुस्त करतात आणि पेशंटलाही धीर देतात. दवाखान्यात चुकलं तर पेशंट म्हणतो, “डॉक्टर, अजून ठणकतंय,” आणि बघायला मागे कुणी नसतं.

पण खरी अडचण हातापेक्षा निर्णयाची असते, असं माझं मत आहे. कॉलेजात पेशंट तुमच्यापर्यंत येतो तेव्हा त्याच्या कागदावर काय करायचं ते आधीच लिहिलेलं असतं. तपासणी विभागानं निदान केलेलं, उपचार ठरवलेले, तुम्ही फक्त करायचं. बाहेर तो कागद कोरा असतो. अक्कलदाढ वाकडी आहे, मूळ नसेच्या जवळ दिसतंय. हात घालावा की सर्जनकडे पाठवावं? पेशंट रक्त पातळ करण्याची गोळी घेतो, त्याच्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन करावा का? मूळ काढताना टोक तुटून आत राहिलं, ते खोदत बसायचं की सांगून-लिहून तसंच सोडायचं? कॅनॉलमध्ये फिरवताना फाईल, म्हणजे आत घालायची ती बारीक सुई, मोडली, तर पेशंटला कोणत्या शब्दांत सांगायचं? पुस्तकात यातल्या प्रत्येकाचं उत्तर आहे. फक्त बाहेर बाकड्यावर चार जण खोळंबलेले असताना ते आठवायला हवं.

आणि पैसे. कॉलेजच्या ओपीडीत कामं नाममात्र दरात होतात, त्यामुळे पैशांचं बोलणं विद्यार्थ्याच्या वाट्याला येतच नाही. दवाखान्यात रूट कॅनॉल आणि वरची कॅप मिळून खर्च सांगितला की निम्मे लोक म्हणतात, “त्यापेक्षा काढूनच टाका.” अशा वेळी दात वाचवण्याचा फायदा समजावून सांगणं, परवडत नसेल तर हप्ते किंवा मधला मार्ग काढणं, आणि पेशंटनं ऐकूनही नाही म्हटलं तर त्याचा निर्णय नीट लिहून घेऊन मुकाट्यानं दात काढणं, हे सगळं अंगी मुरायला वेळ लागतो. नव्या डॉक्टरांची दोन टोकं दिसतात. काही जण लाजून खर्च कमी सांगतात आणि महिनाअखेर लॅबचं बिल भरताना हबकतात. काही जण कार्पोरेट छापाचं बोलणं पाठ करून येतात, आणि पेशंट पुन्हा फिरकत नाही.

इंटर्नशिपच नीट केली तर?

तर निम्मा प्रश्न सुटतो. पण ती नीट होत नाही, आणि दोष फक्त मुलांचा नाही.

एक तर ज्या कॉलेजात एमडीएस आहे, तिथे चांगल्या केसेस पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडे जातात. त्यांनाही शिकायचंच असतं. इंटर्नच्या वाट्याला दात साफ करणं, साधी फिलिंग आणि कागदपत्रं येतात. दुसरं, पेशंटची गर्दी सगळीकडे सारखी नाही. मुंबईचं सरकारी डेंटल कॉलेज, महापालिकेचं नायर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची सरकारी कॉलेजं इथे सकाळी रांग असते. शहराबाहेर माळावर बांधलेल्या काही खासगी कॉलेजांत बस पाठवून पेशंट आणावे लागतात. तिसरं कारण सगळ्यात मोठं: नीट-एमडीएस. ही एमडीएसच्या प्रवेशाची सध्याची परीक्षा, तीन तासांत २४० पर्यायी प्रश्न, चुकलं की गुण वजा. तिची तयारी नेमकी इंटर्नशिपच्या वर्षातच पडते. त्यामुळे हात बसवायच्या वर्षात पोरं वाचनालयात बसलेली असतात. ग्रामीण पोस्टिंगचे तीन महिने म्हणजे अभ्यासाला सुट्टी, असंही सर्रास मानलं जातं. त्याच तीन महिन्यांत खरं तर सर्वाधिक दात काढायला मिळू शकतात.

ब्रिटननं यावर काय केलं?

ब्रिटनमध्ये हाच प्रश्न आपल्या कितीतरी आधी पडला. पदवी घेतलेले डेंटिस्ट थेट सरकारी आरोग्यसेवेत, म्हणजे एनएचएसमध्ये, काम सुरू करायचे आणि गडबडायचे. १९७७ साली गिल्डफर्डला ऐच्छिक स्वरूपात एक योजना सुरू झाली. तिचं नाव व्होकेशनल ट्रेनिंग. कल्पना साधी होती. नवा डेंटिस्ट वर्षभर एका चालू दवाखान्यात काम करणार, स्वतःचे पेशंट स्वतः बघणार, पण शेजारच्या खोलीत एक अनुभवी डॉक्टर त्याच कामासाठी नेमलेला असणार. अडलं की हाक मारायची. शिवाय ठराविक दिवशी परिसरातले सगळे नवे डेंटिस्ट एकत्र येऊन शिकणार. १९९३ पासून एनएचएसमध्ये स्वतंत्रपणे काम करायचं तर हे वर्ष सक्तीचं झालं. पुढे इंग्लंड-वेल्समध्ये त्याला डेंटल फाउंडेशन ट्रेनिंग म्हणू लागले. स्कॉटलंडनं जुनं नाव ठेवलं.

फरक कुठे आहे ते बघा. आपल्याकडे गावातली मुलं विहिरीत पोहायला शिकतात. आधी पायरीला धरून पाय मारायचे, मग पाठीला भोपळा किंवा डबा बांधून खोल पाण्यात, आणि शेवटी भोपळा सोडून. कॉलेजची इंटर्नशिप म्हणजे पायरीला धरणं. ब्रिटननं मधली, भोपळ्याची पायरी तयार केली. आपण ती ठेवलीच नाही. आपला डेंटिस्ट पायरी सोडतो तो थेट तळ न लागणाऱ्या पाण्यात.

यावर ‘त्यांच्याकडे पैसा आहे’ हे उत्तर मिळतं, आणि ते खोटं नाही. तिथे शिकणाऱ्याचा पगार सरकार देतं, शिकवणाऱ्या डॉक्टरलाही मोबदला मिळतो, कारण दातांची बरीचशी सेवा एनएचएसमार्फत चालते. आपल्याकडे दातांचं जवळजवळ सगळं काम खासगी आहे आणि पैसे पेशंटच्या खिशातून येतात. शिकवण्याचे पैसे कोण देणार? तरीही तालुक्याच्या उपजिल्हा रुग्णालयांत असं एक वर्ष उभं करणं अशक्य आहे, असं मला वाटत नाही. तिथे डेंटल चेअर आहेत, पेशंट आहेत, अनेक ठिकाणी दंतशल्यचिकित्सकही आहेत. पण सध्या तशी योजना नाही, तेव्हा तिच्या भरवशावर कुणी थांबू नये.

नेक्स्ट आली की हे सुटेल का?

नेक्स्टमुळे एक गोष्ट होईल. तीनशेहून अधिक कॉलेजांतून दरवर्षी बाहेर पडणाऱ्या मुलांना एकच मोजपट्टी लागेल. ज्या कॉलेजांत वर्गच भरत नाहीत त्यांचं पितळ उघडं पडेल, आणि ते पडलेलं बरंच. पण परीक्षा माणसाला काय येतं हे तपासते, त्याच्याकडून करून घेत नाही. शिवाय तिच्याच गुणांवर एमडीएस ठरणार असेल, तर क्लासचं वर्ष इंटर्नशिपमधून सरकून तिसऱ्या-चौथ्या वर्षात येईल. म्हणजे पेशंट हाताळायला सुरुवात होते नेमक्या त्याच वर्षांत. परीक्षा शेवटच्या वर्षात उरकली की इंटर्नशिप मोकळी होईल, असंही काही जण म्हणतात. तसं झालं तर उत्तमच. पण एमडीएसच्या जागा जोवर मूठभर आहेत, तोवर कमी गुण मिळालेला मुलगा इंटर्नशिपमध्ये पुन्हा त्याच परीक्षेची पुस्तकं उघडणार.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. आपल्याकडे भोपळ्याचं वर्ष सरकार देत नाही. ते तुम्हाला तुमच्या पहिल्या नोकरीतून मिळवावं लागतं. आणि म्हणून पहिली नोकरी निवडताना पगार, शहर आणि दवाखान्याची चकचकीत काच या तिन्हींच्या आधी विचारायचं ते एवढंच: मी अडलो तर खोलीत येणारा माणूस कोण?

पहिली नोकरी: काय बघायचं

पहिल्यांदा एक कागद. राज्याच्या डेंटल कौन्सिलची नोंदणी झाल्याशिवाय कुणाच्याही दवाखान्यात पेशंटला हात लावायचा नाही. “होईल नंतर, तोवर बस” असं मालक म्हणाला, तर त्या मालकाकडे बसायचं नाही.

नव्या डेंटिस्टला नोकरी साधारण तीन प्रकारची मिळते. पहिली, एका डॉक्टरच्या चालू दवाखान्यात असोसिएट म्हणून, महिन्याच्या पगारावर. दुसरी, शहरांतल्या साखळी क्लिनिकमध्ये, पगार अधिक टार्गेटवर. तिसरी टक्केवारीवर, म्हणजे तुम्ही केलेल्या कामाच्या फीमधून लॅबचा खर्च वजा करून ठरलेला वाटा तुमचा. त्याखेरीज ट्रस्टचे आणि धर्मादाय दवाखाने असतात. तिथे पगार बेताचा पण पेशंट भरपूर, आणि शिकायचंच असेल तर मला ती जागा उजवी वाटते.

टक्केवारी ऐकायला छान वाटते. पण पहिल्या वर्षी ती घेऊ नये. उत्पन्न तुमच्या वेगावर अवलंबून असलं की तुम्ही वेग वाढवता, आणि ज्याचा हात अजून बसायचा आहे त्यानं वेग वाढवला की फाईली मोडतात. टार्गेटचंही तेच. महिन्याला इतक्या कॅप बसल्या पाहिजेत असा दट्ट्या असेल, तर नुसत्या फिलिंगवर भागणाऱ्या दातालाही कॅपची गरज दिसायला लागते. ही सवय एकदा लागली की सुटत नाही.

मुलाखतीला जाल तेव्हा मालक तुमची परीक्षा घेईल. तुम्हीही त्याची घ्या, नम्रपणे. ते स्वतः दवाखान्यात किती वेळ असतात? तुम्ही त्यांच्यासोबत काम करणार की त्यांच्या गैरहजेरीत दवाखाना सांभाळणार? पहिल्या महिन्यात काय करू देणार, सहाव्या महिन्यात काय? पुष्कळ ठिकाणी बीडीएसला वर्षभर नुसती तपासणी, साफसफाई आणि फोनवर अपॉइंटमेंट यांतच ठेवतात; रूट कॅनॉल आणि सर्जरी बाहेरून येणारे कन्सल्टंट करतात. कन्सल्टंट येणं वाईट नाही. उलट ते आले की शेजारी उभं राहायला मिळतं का, एवढं विचारून घ्या. एन्डोडॉन्टिस्टच्या, म्हणजे रूट कॅनॉलच्या तज्ज्ञाच्या, खांद्यावरून बघत काढलेली सहा महिने शनिवारची दुपार एखाद्या महागड्या कोर्सपेक्षा जास्त देऊन जाते.

एक गोष्ट न विचारता बघायची: ऑटोक्लेव्ह. उपकरणं निर्जंतुक करणारं हे यंत्र चालू आहे का, पाकिटांवर तारीख आहे का, ड्रिलचा हँडपीस प्रत्येक पेशंटनंतर बदलतात की स्पिरिटनं पुसून पुढच्याच्या तोंडात घालतात? पुसत असतील तर चहा घेऊन निघून या.

पंधरा-वीस हजारांत पुण्यात राहायचं कसं?

हा आक्षेप खरा आहे, आणि ‘शिकण्यासाठी सोसा’ असं सांगणं मला पटत नाही. पुण्या-मुंबईत नव्या बीडीएसला पंधरा-वीस हजारांच्या नोकऱ्या दाखवल्या जातात. त्यात खोलीभाडं आणि डबा गेला की शैक्षणिक कर्जाच्या हप्त्याला काही उरत नाही. कारणही सरळ आहे: देशात बीडीएसच्या जागा सव्वीस हजारांहून जास्त, नोंदणी झालेले डेंटिस्ट तीन लाखांच्या पुढे, आणि त्यातल्या पुष्कळांना त्याच चार-पाच शहरांत राहायचंय. मजूर नाक्यावर जास्त माणसं उभी राहिली की मजुरी पडते. डॉक्टरांच्या बाबतीतही गणित बदलत नाही.

उपाय बहुतेकांना आवडत नाही तो आहे. अकलूज, उदगीर, चाळीसगाव, वणी अशा गावांतले चालू दवाखाने बघा. तिथल्या डॉक्टरांना असोसिएट मिळत नाही, त्यामुळे राहायची सोय, कधी जेवण, आणि काम करायची मोकळीक मिळण्याची शक्यता जास्त. पेशंटही वेगळे. महाराष्ट्रात २०१६-१७ च्या पाहणीत २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरत होते. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी सुपारी-खर्रा खाऊन तोंड उघडेनासं झालेली तरुण मुलं तिथे रोज दिसतात. गालाच्या आतला, कर्करोगाची सुरुवात असू शकणारा पांढरा चट्टा पहिल्यांदा बघणारा डॉक्टर बहुतेकदा डेंटिस्टच असतो. तो चट्टा ओळखून वेळेत तुकडा तपासायला पाठवणं शहरातल्या दहा ‘स्माइल डिझाइन’पेक्षा मोलाचं आहे.

फुकट काम मात्र कुठेही करू नका. ‘आधी तीन महिने शिका, मग बघू’ हा करार नव्हे. पगार, वेळ, सुट्टी, नोटीस हे एका कागदावर घ्या. आणि व्यावसायिक विमा स्वतःच्या नावावर काढा. तक्रार ग्राहक आयोगात गेली तर ज्यानं उपचार केले त्याचंही नाव त्यात येतं.

थेट एमडीएस का करू नये?

करावं, ज्याला कोणती शाखा हवी ते ठाऊक आहे त्यानं जरूर करावं. शाखा नऊ आहेत, अभ्यासक्रम तीन वर्षांचा. पण देशभरात एमडीएसच्या जागा बीडीएसच्या साधारण चौथाई, आणि त्यातल्या चांगल्या शाखा सरकारी कॉलेजात मिळणं त्याहून कठीण. खासगीत ऑर्थो (वाकडे दात) किंवा एन्डोची (रूट कॅनॉल) फी ऐकून घरचे जमीन विकायचा विचार करू लागतात. आणि वर्षभर प्रॅक्टिस केल्याशिवाय स्वतःची आवड कळत नाही, असं मी पुष्कळदा पाहिलंय. ज्याला सर्जन व्हायचं होतं त्याला लहान मुलांसोबत मजा येऊ लागते.

‘एकदा काम सुरू केलं की अभ्यास सुटतो’ हेही खरं. म्हणून एकच करता येतं. अर्धा दिवस नोकरी, अर्धा अभ्यास, आणि प्रयत्नांची मर्यादा आधी ठरवून. वर्षामागून वर्ष वाचनालयात घालवून हात पूर्ण गंजलेले डॉक्टर पाहिले की वाईट वाटतं.

दोन दिवसांच्या इम्प्लांट कोर्सबद्दल एवढंच: शिकायला हरकत नाही, पण त्या प्रमाणपत्रानं तुम्ही ‘स्पेशालिस्ट’ होत नाही आणि पाटीवर तसं लिहिता येत नाही.

स्वतःचा दवाखाना लगेच टाकला तर?

वडिलांकडे गाळा आहे, बँक कर्ज देतेय, मग थांबायचं कशाला, हा मोह मोठा असतो. खुर्ची, कॉम्प्रेसर, सक्शन, ऑटोक्लेव्ह, लाइट क्युअर, स्केलर, एक्स-रे आणि त्याचा डिजिटल सेन्सर, ही यादी दुकानदार पाठ म्हणून दाखवतो. तो सांगत नाही ती यादी वेगळी. एक्स-रे यंत्राची अणुऊर्जा नियामक मंडळाकडे नोंदणी करावी लागते. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी आणि कचरा उचलणाऱ्या संस्थेशी करार लागतो. काढलेले दात आणि रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, सुया पांढऱ्या डब्यात. आणि पहिलं वर्षभर तरी गाळ्याचं भाडं, मदतनिसाचा पगार व कर्जाचा हप्ता भरण्याइतके पैसे वेगळे हवेत, कारण पेशंट हळूहळू जमतात. हप्त्याच्या दडपणाखाली बसलेला नवा डॉक्टर आणि टार्गेटखाली बसलेला असोसिएट यांत फारसा फरक राहत नाही.

मुलींच्या बाबतीत आणखी एक हिशेब असतो, आणि डेंटलच्या वर्गात आज मुलीच जास्त दिसतात. लग्नाआधी माहेरच्यांनी हौसेनं टाकून दिलेला दवाखाना पुढे दुसऱ्या गावी नेता येत नाही. खुर्ची अर्ध्या किमतीला विकली जाते आणि तयार झालेले पेशंट तर विकताही येत नाहीत. हातातलं कौशल्य आणि कौन्सिलची नोंदणी मात्र सोबत येते. राज्य बदललं तर नोंदणी तिकडे हलवता येते. त्यामुळे गाव पक्कं होईपर्यंत दुसऱ्याच्या दवाखान्यात काम करणं हा कमीपणा नाही, साधा व्यवहार आहे.

आणि परदेश, लष्कर, दुसरं काही?

ब्रिटनला जायचं तर ओआरई नावाची दोन टप्प्यांची परीक्षा आहे, पहिला टप्पा लेखी, दुसरा प्रत्यक्ष कामाचा. जागा कमी, भरतात पटकन, त्यामुळे वाट बघावी लागते. गंमत अशी की ती पास होऊनही एनएचएसमध्ये काम करायचं तर तिथलं ते उमेदवारीचं वर्ष तुम्ही केलेलं नसतं. मग तेवढा अनुभव आहे हे सिद्ध करायची वेगळी प्रक्रिया असते. अमेरिकेत बहुतेक राज्यांत पुन्हा दोन-तीन वर्षं तिथल्या डेंटल कॉलेजात बसावं लागतं, आणि ते भलतंच महाग आहे. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात टप्प्याटप्प्यानं परीक्षा देऊन परवाना मिळतो. आखातात परीक्षेसोबत अनुभव मागतात.

लष्करातल्या आर्मी डेंटल कोअरची अल्पमुदतीची भरती बीडीएसनाही खुली असते, कॅप्टन हुद्द्यावर. त्यासाठी मुलाखतीला बोलावताना नीट-एमडीएसचे गुण बघितले गेले आहेत, म्हणजे ती परीक्षा अगदीच वाया जात नाही. दातांपासून दूर जायचं तर सार्वजनिक आरोग्याची मास्टर्स, हॉस्पिटल मॅनेजमेंट, क्लिनिकल रिसर्च, विमा कंपन्यांतलं दाव्यांचं काम, या वाटांनी गेलेले बरेच जण सुखात आहेत.

यातली कोणतीही वाट धरा, एक काम पहिल्या दिवसापासून करा. केलेल्या केसेसची वही ठेवा: तारीख, दात क्रमांक, काय केलं, काय बिघडलं, आधी-नंतरचा एक्स-रे. पेशंटचं नाव लिहू नका, फोटो काढायचा तर त्याची लेखी परवानगी घ्या. आणि नोकरी सोडताना कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आठवड्याला किती तास आणि कोणत्या प्रकारचं काम केलं हे लिहिलेलं अनुभवपत्र लेटरहेडवर सही-शिक्क्यासह त्याच दिवशी मागून घ्या. दोन-तीन वर्षांनी आखाताच्या किंवा ऑस्ट्रेलियाच्या फॉर्मसाठी ते लागतं, तोवर त्या डॉक्टरांनी दवाखाना हलवलेला असतो आणि फोन नंबरही बदललेला असतो.